वरचा ‘आहे’ म्हणाला होता

थोरलीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलगे. लेकीने फोन पाळण्यापाशी धरून दोघांचं रडणं एकदम ऐकवलं, आणि इकडे मिस्त्रीची बायको फोन कानाला दाबून हसता हसता रडायला लागली. जायला हवंच होतं. पण दोघांचे पासपोर्ट सरकारी कचेरीत पडून होते. दर वर्षी या सुमारास ते तिथे जमा करावे लागत आणि नवा शिक्का बसेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे.

“आधी शिक्का, मग नातवंडं,” मिस्त्री म्हणाला.

“मग शिक्क्यालाच गुंडाळा दुपट्यात,” बायको म्हणाली, आणि फोन पदराने पुसून ठेवून दिला.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. मिसरूड फुटलं तेव्हा तो या परक्या शहरात आला आणि केस पांढरे होईपर्यंत त्याने लिफ्टच बसवल्या, लिफ्टच दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर गावी परतावं असं तिकडे काही उरलं नव्हतं. भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि वाटणीत यानेच आपला हिस्सा हसत सोडला होता. इकडे सहाव्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, बायकोच्या कुंड्या होत्या, तिच्या गुडघ्यांचा डॉक्टर दोन गल्ल्या टाकून होता. इमारतीची जुनी जाळीच्या दाराची लिफ्टही त्यानेच बसवलेली. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिचा आवाज ऐकून तो सांगे, “तेल मागतेय.”

“मला कधी विचारलंत, काय मागतेय म्हणून?” बायको विचारी.

निवृत्त परदेशी माणसाला इथे राहायचं तर दर वर्षी चार गोष्टी दाखवाव्या लागत. पेन्शनचा दाखला, डॉक्टरचा दाखला, भाड्याचा करार आणि जामीन. पहिल्या तीन कागदाच्या, चौथी हाडामांसाची. जामीन राहणारा माणूस इथला नागरिक हवा, नात्यातला नको, आणि अर्जदाराबरोबर बरीच वर्षं काम केलेला हवा. त्याने स्वतः खिडकीपाशी उभं राहून सांगायचं की हा माणूस भला आहे, मी याला ओळखतो. आणि एका माणसाने एकाच घराला जामीन राहायचं. दुसऱ्याला नाही.

मिस्त्रीचा जामीन शिडी.

शिडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. माणूस इतका उंच आणि इतका काटकुळा की तुळईला हात लावायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून तोच शिडी. खरं नाव फक्त त्याच्या बायकोला आणि सरकारला ठाऊक होतं. मिस्त्री आणि शिडी एकाच वर्षी कंपनीत लागले आणि त्यांची जोडी लागली ती शेवटपर्यंत. लिफ्टचं काम जोडीचंच असतं. एक जण वर, मशिनच्या खोलीत. एक जण खाली, लिफ्टच्या विहिरीत. वरचा वीज तोडणारा मोठा खटका पाडतो, त्याला आपलं कुलूप घालतो, किल्ली खिशात टाकतो आणि तिथेच उभा राहतो. मग खालचा हाक मारतो, “वर कोण?” वरचा म्हणतो, “आहे.” नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘आहे’. त्याचा अर्थ, खटका पाडलेला आहे, कुलूप घातलेलं आहे आणि मी जागचा हललेलो नाही. तू खुशाल दोरांत हात घाल. ते ‘आहे’ ऐकल्याखेरीज खालच्याने बोटसुद्धा हलवायचं नाही. आणि दुसरं, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. साहेब येवो, साहेबाचा बाप येवो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

मिस्त्री कायम खाली आणि शिडी कायम वर. एकदा एका मोठ्या कचेरीत बडे पाहुणे आले आणि तिथला मॅनेजर तणतणत मशिनच्या खोलीत शिरला. लिफ्ट आत्ताच्या आत्ता सुरू कर म्हणाला. शिडी खटक्याला पाठ लावून उभा राहिला. त्याला ओढलं, ढकललं, पोलिसांत देतो म्हणून धमकावलं. खाली विहिरीत मिस्त्रीला नुसता गलका ऐकू येत होता, आणि त्या गलक्यातून, कुणी हाक मारलेली नसताना, पुन्हा पुन्हा येणारं शिडीचं “आहे! आहे! आहे!” संध्याकाळी शिडी खाली उतरला तेव्हा सदऱ्याची एक बाही नव्हती.

“बाही कुठाय?” मिस्त्रीने विचारलं.

“पाहुण्यांनी आठवण म्हणून नेली,” शिडी म्हणाला.

त्या दिवसापासून मिस्त्रीने शिडीबद्दल शंका घ्यायचं सोडून दिलं. मध्यंतरी एक वर्ष असं आलं होतं की जुन्या कामगारांना इथलं नागरिकत्व सहज मिळत होतं. शिडीने अर्ज केला. मिस्त्रीने नाही केला. बायको तेव्हाही मागे लागली होती. पण मिस्त्रीच्या डोक्यात जोडीचा हिशेब होता. जोडीला एक टॉर्च, एक हत्यारांची पेटी, एक किल्ली. एकाकडे असलं की दोघांचं भागतं. “शिडीकडे आलं म्हणजे आपल्याकडे आल्यासारखंच,” तो म्हणाला. लिफ्टवाल्याशिवाय दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने फोन केला.

“उद्या आहेस ना?”

शिडी म्हणाला, “आहे.”

एवढंच बोलणं झालं. दर वर्षी एवढंच होई.

कचेरीत दर वर्षीसारखीच गर्दी होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आकडे दाखवणारा लाल दिवा, आणि खिडकीच्या काचेला मधोमध एक भोक. आत बोलायचं तर वाकावं लागे, त्यामुळे तिथे प्रत्येक जण नमस्कार घालतोय असं वाटे. बायको इस्त्रीची साडी नेसून पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने शिडीसाठीही एक खुर्ची पिशवीतली शाल टाकून धरून ठेवली होती.

नंबर आला. शिडी आला नव्हता.

“जामीन?” खिडकीतल्या बाईने विचारलं.

“येतोच आहे.”

“मग पुढच्याला येऊ द्या.”

मिस्त्रीने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बायको म्हणाली, “बस चुकली असेल भावजींची.” मग म्हणाली, “भावजींना बरं नसेल.” वर्षाच्या सुरुवातीला शिडी छातीत दुखतं म्हणाला होता. एकामागून एक नंबर पुढे गेले, दुपार झाली, खिडकीची झडप खाली आली. शाल टाकलेली खुर्ची रिकामीच राहिली.

“तू घरी जा,” मिस्त्री बायकोला म्हणाला. “मी बघून येतो. काहीतरी झालंय त्याला.”

वाटेभर त्याच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलच येत होतं. शिडी रस्त्यात कोसळला असेल. शिडी न्हाणीघरात पडला असेल. एवढा लांब माणूस पडला तर उचलणार कोण, असंही मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. शिडीच्या जिन्यावर तो धापा टाकत चढला आणि त्याने दार थोपटलं.

दार शिडीच्या बायकोने उघडलं. मिस्त्रीला बघून तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“वहिनी, काय झालं त्याला?”

“कुणाला?” ती म्हणाली, आणि मग दारातून बाजूला झाली.

आत टेबलाशी शिडी मटार सोलत बसला होता. धडधाकट. त्याच्यासमोर तिचा भाऊ बसला होता, गोल चेहऱ्याचा, विधुर, दुसऱ्या शहरात किराणा दुकान चालवणारा. दुकान गेल्या वर्षी बंद झाल्यापासून तो बहिणीकडेच राहत होता. परातीत दाण्यांचा ढीग होता. शिडीने मिस्त्रीकडे पाहिलं आणि हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

“आपली आजची तारीख होती रे,” मिस्त्री म्हणाला. अजून त्याच्या आवाजात काळजीच होती.

बोलला तो मेहुणा. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नसावं. तो मोठ्या आनंदाने म्हणाला, “या या, मिस्त्री! अहो, माझं झालं काम! दोन महिन्यांपूर्वीच शिक्का बसला. भावजी राहिले ना जामीन! खिडकीतली बाई म्हणाली, दोघं बरोबर काम करत होता ना, मग सांगा कसं करत होता. भावजींनी माझी अशी तयारी करून घेतली होती! खालून हाक आली की वरचा म्हणतो ‘आहे’. बाई खूश! मी म्हटलं, मी कायम खाली असायचो, विहिरीत.”

आपल्या विनोदावर तो एकटाच हसला, आणि कुणी हसत नाही असं पाहून थांबला.

मिस्त्रीला बसावंसं वाटलं, पण तो बसला नाही. जामीनकी गेली ते त्याला हळूहळू कळत होतं. पण शिडीने त्याची जागाही उचलून दिली होती. विहीर, दोर, अंधार, वरून येणारं ते ‘आहे’, सगळं याला शिकवून दिलं होतं. दाण्यांच्या पुड्या बांधलेल्या माणसाला.

“मला सांगायचंस,” मिस्त्री म्हणाला.

“सांगणारच होतो,” शिडी परातीकडे बघत म्हणाला. “रोज ठरवत होतो. तुला बघितलं की जीभच उचलत नव्हती.”

“मी सांगितलं त्यांना,” शिडीची बायको मध्ये पडली. “मला बोला काय बोलायचं ते. मिस्त्रीभावजींना तिकडे लेक आहे, जावई आहे, आता नातवंडं आहेत. माझ्या भावाला कोण आहे? याला देशाबाहेर काढलं असतं तर विमानातून उतरून हा गेला असता कुठे?”

“वहिनी, तुमचं तुम्ही केलंत. मी याच्याशी बोलतोय.” मिस्त्री शिडीकडे वळला. “काल फोनवर काय म्हणालास?”

“अरे, तोंडातून गेलं...”

“काय म्हणालास?”

“आहे म्हणालो.”

“होतास?”

शिडीच्या हातातली शेंग फुटून दाणे जमिनीवर घरंगळले, आणि सवयीने मेहुणा ते गोळा करायला वाकला.

“चहा तरी घ्या,” शिडीची बायको म्हणाली.

मिस्त्री जिना उतरून गेला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतली शाल घडी घालून कपाटात ठेवली.

“बोल काहीतरी,” मिस्त्री म्हणाला.

“काय बोलू? केसाने गळा कापला भावजींनी. आणि तुम्ही कसे, तर त्यांना लागलं असेल, खुपलं असेल म्हणत धावत गेलात.”

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईने महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात दुसरा जामीन आणा, नाहीतर पासपोर्ट घेऊन जा. मिस्त्रीने सगळी दारं वाजवली. कंपनी कधीच बंद पडली होती. बरोबरचे निम्मे मायदेशी गेले होते, काही वारले होते, उरलेले यांच्यासारखेच दुसऱ्याच्या जामिनावर. जुन्या साहेबांना नागरिकत्व होतं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. त्यांनी मिस्त्रीचा हात प्रेमाने हातात घेतला आणि विचारलं, “लिफ्ट चालू झाली का?” त्यांचा मुलगा दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, यांना कुठे उभं करू नका काका, यांना आता मीसुद्धा ओळखू येत नाही.

मुदत संपत आली तेव्हा मिस्त्री पुन्हा खिडकीशी वाकला. बाई स्वभावाने वाईट नव्हती. तिने जुनी माहिती पडद्यावर पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, “हे तुमचे नेहमीचे जामीन. या वर्षी त्यांनी दुसऱ्याला घेतलंय. तो खरंच तुमच्याबरोबर कामाला होता? कारण नसेल, नात्यातला वगैरे असेल, तर तुम्ही तसं लिहून द्या. तो जामीन रद्द होतो. तुमचा गेल्या वर्षीचाच जामीन या वर्षी धरू.”

“त्याचं काय होतं?”

“कुणाचं?”

“दोघांचं.”

“नव्या माणसाला जावं लागेल. आणि खोटं बोलणाऱ्याची चौकशी होईल.” तिने काचेच्या भोकातून कोरा कागद पुढे सरकवला. “तिकडे बसून लिहा. घाई नाही.”

बायको शेजारी बसली होती. तिने पिशवीतून पेन काढून मिस्त्रीच्या हातात दिलं. “लिहा. चार ओळींचं काम आहे. खोटं कुठे लिहायचंय? खरंच लिहायचंय.”

मिस्त्रीने कागद गुडघ्यावर ठेवला. त्याला लिहायचं होतं. महिनाभर तो रात्री मनातल्या मनात हेच लिहीत होता, आणि याहून कडक शब्दांत. पण पेन टेकवलं आणि त्याला एक शनिवार आठवला. शिडी कुलूप घालून, किल्ली खिशात घेऊन, विसरून घरी निघून गेला होता. अख्खी इमारत जिने चढत होती. लोक मिस्त्रीच्या अंगावर ओरडत होते, तोड ते कुलूप म्हणत होते. पहारही हाताशी होती. मिस्त्री त्या कुलपाखाली उकिडवा बसून राहिला, संध्याकाळी शिडी धावत येईपर्यंत. त्या दिवशी कुलूप तोडलं असतं तर कुणी मेलं नसतं, तेव्हा विहिरीत कुणी नव्हतंच. पण हात उचलला नाही तो नाहीच.

आणि आता विहिरीत कुणीतरी होतं. गोल चेहऱ्याचा, आनंदाने बडबडणारा, दाणे वेचायला वाकणारा.

त्याने पेनाचं टोपण लावलं.

“काय झालं?” बायको म्हणाली.

“नाही जमत.”

“त्यांनी तुमच्या तोंडाला पानं पुसली आणि तुम्ही त्यांना जपताय?”

“त्याला नाही जपत मी. तो माझ्या दारात मेला तरी मी दार उघडणार नाही. पण दुसऱ्याचं कुलूप काढायची माझ्या हाताला सवय नाही.”

“मग तो हात घेऊन बसा जावयाच्या दारात,” बायको म्हणाली. “आणि माझे गुडघेही बसवा शेजारी. तिकडे मला कपाटात एक खण मिळेल, ठाऊक आहे ना? एक खण. तोही बाळांची लंगोटं काढून.” ती रडली नाही. कोरा कागद तिने स्वतः उठून खिडकीत परत दिला, आणि बाईला म्हणाली, “आमचे पासपोर्ट द्या.”

सामान दोन पेट्यांत मावलं. कुंड्या शेजारणीने नेल्या. निघायच्या सकाळी खाली टॅक्सी उभी होती आणि दोघं सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीपाशी पेट्या घेऊन उभी होती. मिस्त्रीने बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही. खाली कुणीतरी जाळी उघडून धरली होती, आणि जाळी उघडी असली की ती लिफ्ट जागची हलत नसे.

मग विहिरीतून आवाज वर आला. म्हातारा झालेला, पण ओळखीचा.

“वर कोण?”

मिस्त्रीचा हात जाळीवर तसाच राहिला. आयुष्यभर ही हाक त्याने मारली होती. आज पहिल्यांदा तो वर होता आणि शिडी खाली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

“वर कोण?” पुन्हा आवाज आला. मग जरा वेळाने, “मिस्त्री, अरे, आहेस का?”

मिस्त्री बोलला नाही. त्याने ओठ असे मिटले होते की जबडा दुखत होता. उत्तर मिळाल्याखेरीज शिडी जाळी लावणार नाही हे त्याला ठाऊक होतं. लावलीच नसती त्याने, दिवस मावळेपर्यंत. त्या एका बाबतीत तो अजून तसाच होता, आणि तेच मिस्त्रीला सोसत नव्हतं.

“अहो, द्या उत्तर,” बायको म्हणाली. “माणूस खाली उभा आहे.”

“राहू दे उभा.”

“आणि मी काय सहा मजले बसून घसरत उतरू?”

मिस्त्रीने पेटी उचलली आणि जिन्याकडे वळला. एक पायरी उतरला. मागे बायको हलली नव्हती. तिने जाळीला तोंड लावलं आणि विहिरीत खणखणीत ओरडली, “आहे!”

खाली जाळी लागल्याचा आवाज आला, आणि लिफ्ट कुरकुरत वर आली. रिकामी.

ती दोघं त्याच लिफ्टने खाली उतरली. दारात टॅक्सीवाला पेट्या घ्यायला उभा होता, बाकी कुणी नव्हतं. मिस्त्रीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं नाही. बायकोने पाहिलं.

“तेल मागतेय ती,” टॅक्सीत बसताना मिस्त्री म्हणाला.

लेकीच्या इमारतीतली लिफ्ट नवी आहे. तिला जाळी नाही, आतून एक बाई गोड आवाजात मजला सांगते. मिस्त्री जुळ्यांना घेऊन तिच्यातून वर-खाली करतो, कारण तिच्यात शिरलं की दोघं रडायची थांबतात. बायकोला कपाटात दोन खण मिळाले. शिडीचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा मिस्त्रीने तो वाजून बंद होऊ दिला. चौथा फोन शिडीच्या मेहुण्याचा होता, तो बायकोने घेतला. जुळी पहिलं पाऊल टाकायला लागली त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, शिडी वारला होता.